पीओपी कुणी पाडलं?

घर दाखवायला नेलं की माणसं खाली बघतात. फरशी कसली आहे, किचनकट्टा ग्रॅनाइटचा आहे का, बाथरूमच्या टाइल्स कुठवर आल्यात. मी वर बघते. छताच्या कोपऱ्यात पिवळट डाग दिसला की माझ्या अंगात उत्साह संचारतो. खोटं कशाला सांगू? दुसऱ्या बायकांना नवी साडी बघून जे होतं ते मला ओली भिंत बघून होतं. त्या डागावरून पुढं भांडण होणार, ते डिपॉझिटपर्यंत जाणार आणि शेवटी सोडवायला मलाच बोलावणार, हे मला तिथंच दिसायला लागतं.

मी बेळगावात भाड्याची घरं लावून देते. शहापुरात आमच्या यांचं शिलाईचं दुकान होतं. ब्लाउज टाकायला आलेली बाई बोलता बोलता सांगायची की आमचा वरचा मजला रिकामा झालाय. दुसरी सांगायची की दिराची बदली झालीय, घर मिळेना. मी या बाईची गाठ त्या बाईशी घालून द्यायचे आणि दोन्हीकडचा चहा प्यायचे. पुढं चहासोबत कमिशन मिळायला लागलं आणि बघता बघता धंदा झाला. आता गुडघे कुरकुरतात, मुलगा म्हणतो पुरे कर, पण फोन वाजला की माझे पाय चपला शोधायला लागतात. अनगोळपासून हिंडलग्यापर्यंत लोक मला ‘घराच्या आक्का’ म्हणूनच ओळखतात. माझं खरं नाव पोस्टमनला तरी माहीत असेल की नाही, शंका आहे.

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे वाचक असाल तर आमच्याकडची एक पद्धत आधी सांगायला हवी. डिपॉझिट आणि महिन्याचं भाडं हा प्रकार आमच्याकडंही आहेच. पण दुसरा प्रकार आहे लीजचा. लीज म्हणजे एकदाच मोठी रक्कम मालकाच्या हातात द्यायची, ठरलेली दोन-तीन वर्षं एक पैसा भाडं न देता राहायचं आणि घर सोडताना ती रक्कम जशीच्या तशी परत घ्यायची. मालक त्या पैशात मुलीचं लग्न करतो, नाहीतर वर आणखी एक मजला चढवतो. परत करायची वेळ आली की नव्या भाडेकरूची लीज घेऊन जुन्याला देतो. भाडेकरूची मात्र आयुष्याची शिल्लक त्या घरात अडकलेली असते. त्यामुळं घर सोडायचा दिवस जवळ आला की दोन्हीकडची झोप उडते.

आणि नेमकं त्याच वेळेला मालकाला भिंत ओली दिसते! सगळं कसं तेव्हाच दिसतं, मला याचं फार नवल वाटतं. धंद्यातला माझा नियम साधा आहे. भिंतीच्या आतला पाइप मालकाचा, भिंतीबाहेरचा नळ भाडेकरूचा. जुनं झालं म्हणून गळालं तर मालकानं सोसायचं, हलगर्जीपणानं सांडलं तर भाडेकरूनं. एवढं कळलं की निम्मी भांडणं मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी आवाज लागतो, तो देवानं मला भरपूर दिलाय.

वडगावात एक आप्पा होते. अतिशय गोड बोलणारे. त्यांच्या मागच्या खोल्यांत मी एकामागून एक तीन कुटुंबं ठेवली. पहिलं कुटुंब गेलं तेव्हा बाथरूमकडची भिंत ओली केली म्हणून आप्पांनी डिपॉझिट कापलं. दुसरं गेलं तेव्हाही तेच. तिसऱ्या होत्या शाळेत शिकवणाऱ्या बाई, त्या रडत माझ्याकडं आल्या. म्हटलं चला, बघूच या भिंतीला झालंय तरी काय. जाऊन बघते तर भिंतीवर डाग होता आणि डागाच्या वरच्या टोकाला खिळा होता.

“बाई, हितं काय लावलं होतं तुमी?”

“मी नाही लावलं. गजलक्ष्मीचा फोटो होता, आप्पांचाच. देवाचा फोटो कशाला काढायचा म्हणून मी राहू दिला.”

खिळा माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. मला असं हसू फुटलं म्हणून सांगू! म्हटलं, “आप्पा, लक्ष्मीला कुणी एवढं खाली लावतंय व्हय? उंदरानं पूजा करायची काय तिची?” भाडेकरू आला की ओलीवर देव लावायचा, गेला की देव काढायचा आणि ‘अरे देवा, हे काय!’ म्हणून ओरडायचं. देवाच्या फोटोला हात कोण लावणार? आप्पांनी बाईंचे पैसे तिथल्या तिथं परत केले आणि मला वर चहाही पाजला. पहिल्या दोन कुटुंबांचं मात्र मला अजून वाईट वाटतं. ते लोक बदली होऊन लांब गेले, त्यांच्यापर्यंत काही ते पैसे पोचले नाहीत.

भाडेकरूही काही साधे नसतात. एका पोरानं सिंकखालचा गळका पाइप पूर्ण पावसाळाभर प्लॅस्टिकची पिशवी आणि सुतळी बांधून ठेवला होता. का, तर मालकाला सांगितलं तर मालक घर बघायला येईल आणि घर बघितलं की भाडं वाढवेल! खालचं लाकडी कपाट फुगून त्याचं दार मिटेना झालं, तेव्हा मालकाला कळलं. पोराला मी म्हटलं, “बाळा, ह्ये तुझ्या सुतळीचं बिल हाय, गुमान दे.” दिलं बिचाऱ्यानं.

पण मला सांगायची आहे ती अनगोळची हकीकत. ती आठवली की अजून माझं काळीज उड्या मारायला लागतं.

अनगोळात परशराम अण्णांचं दुमजली घर. गावाच्या कडेच्या शेतात भात पिकवायचं, दिवसा कचेरीत नोकरी करायची आणि घराकडं मात्र स्वतःच्या मिशीसारखं लक्ष द्यायचं, असा माणूस. मुलीचा साखरपुडा घरातच केला, त्यासाठी खालच्या हॉलला पीओपीचं छत करून घेतलं होतं. मधोमध कमळ, कमळाभोवती वेलबुट्टी आणि कडेनं निळे-गुलाबी दिवे. घरात आलेल्या माणसाला पाणी द्यायच्या आधी अण्णा दिवे लावून दाखवायचे. मी निदान चार-पाच वेळा तरी ते कमळ बघितलं असेल आणि दर वेळी ‘लई झकास’ म्हटलं असेल. अण्णांचा आवाज मोठा, राग त्याहून मोठा. त्यांच्या बायकोला मी सुरेखा वहिनी म्हणते. त्या इतक्या हळू बोलतात की त्यांच्या घरात त्या आहेत हे चहा आल्यावर कळतं.

वरच्या मजल्यावर मी दत्ता आणि कल्पनाला लीजवर ठेवलं होतं. दोघं निपाणीजवळच्या एका खेड्यातली. दत्ता उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, भट्टीसमोर उभं राहून राहून रंग तांब्यासारखा झालेला. कल्पना घरी पिको-फॉल करायची. तिनं अंगावरचे दागिने मोडून आणि त्यानं पै-पै साठवून लीजचे पैसे उभे केले होते. आता मुदत संपत आली होती आणि त्यांनी निपाणीत एक लहानसं घर बघितलं होतं, स्वतःचं. दत्ताला तिथंच एका वर्कशॉपमध्ये काम मिळत होतं. विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला होता. सोमवारी रजिस्ट्री, त्याच दिवशी उरलेली सगळी रक्कम द्यायची. घर विकणाऱ्यानं स्वच्छ सांगितलं होतं की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, सोमवारी पैसे पुरे झाले नाहीत तर व्यवहार मोडला आणि विसारही गेला.

शनिवारी सकाळी कल्पनाचा फोन आला. रडत होती.

“आक्का, अण्णा साठ हजार कापून घ्यायलेत. पीओपीचं. आता काय करू ओ आमी?”

मी पोळीचं पीठ तसंच ठेवलं, हात धुतले की नाही तेही आठवत नाही, आणि रिक्षा पकडली.

झालं होतं ते असं. आमच्याकडं काही गल्ल्यांना नळाला दिवसभर पाणी असतं आणि काही गल्ल्यांना चार-आठ दिवसांनी येतं. अण्णांची गल्ली या दुसऱ्या प्रकारची. वापरायला बोअरचं पाणी, ते टाकीतून येतं. प्यायचं पाणी वेगळ्या नळाला, आणि ते कधी येईल ते पाणी सोडणाऱ्या वॉलमनलाच ठाऊक. म्हणून अशा गल्लीतल्या बायका प्यायच्या पाण्याचा नळ उघडाच ठेवतात. पाणी आलं की नळ फुसफुसतो, मग खळखळतो आणि हातातलं काम टाकून बाई धावते. माझीही सवय तीच आहे.

महिन्यापूर्वी दत्ता आणि कल्पना गावच्या जत्रेला गेले होते. त्याच दिवसांत पाणी आलं. वरच्या स्वयंपाकघरातला नळ उघडा, त्याखाली सिंक नाही, घराला कुलूप. पाणी कट्ट्यावरून फरशीवर, फरशीवरून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून थेट अण्णांच्या कमळात. संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले तेव्हा कमळ सोफ्यावर पडलेलं होतं.

मी पोचले तेव्हा हॉलमध्ये सगळे होते. अण्णा सोफ्यावर, त्यांच्या डोक्यावर छताला पडलेलं मोठं भोक, भोकातून वायरी लोंबतायत. दत्ता दाराशी मान घालून उभा. कल्पना जिन्याच्या पायरीवर डोळ्याला पदर लावून बसलेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे वहिनी चहा ठेवत होत्या.

अण्णा मला बघताच सुरू झाले. “बघा आक्का, ह्ये बघा! आता तुमीच सांगा, ह्येचं मी काय करायचं? पोरीचं लगीन तोंडावर आलंय. पावनं येणार, वर बघणार!”

“अण्णा, सोमवारी ह्यांची रजिस्ट्री हाय. एवढं कापलासा तर घर जातंय त्यांचं.”

“मला का हौस आलीया? नळ उघडा ठेवून जत्रंला गेले म्हंजे माझी चूक व्हय?”

दत्ता म्हणाला, “आक्का, चूक हिचीच हाय. मी काय बोलू?” आणि बायकोकडं बघून म्हणाला, “दहांदा सांगितलोय, जाताना नळ बघ म्हणून. ऐकती कुठं?”

कल्पना म्हणाली, “माझीच चूक हाय, आक्का. उघडाच ठेवती न्हवं मी रोज. त्या दिवशी बंद केला का न्हाय, काय आठवंना.”

माझ्या नियमाप्रमाणं हे सांडणं हलगर्जीपणाचं होतं, म्हणजे पैसे भाडेकरूचे. सरळ होतं. मला काही बोलायला जागाच उरली नव्हती आणि मी तर भांडायच्या तयारीनं आले होते! मी म्हटलं, आधी वर जाऊन बघते. काय बघणार होते देव जाणे.

वर गेले. कल्पना मागोमाग आली. निम्मं सामान बांधलेलं होतं. खिडकीखाली भिंतीला लागून तांब्याच्या तीन घागरी पालथ्या घातलेल्या होत्या.

“ह्या का गं पालथ्या?”

“आज रिकाम्या झाल्या. आता जायचंच हाय, कशाला भरायच्या? गावाला जाताना बी मी अशाच पालथ्या घालून जाती. शिळं पाणी आल्यावर टाकायलाच लागतंय.”

“जत्रंला गेलतीस तवा बी?”

“व्हय की. रिकाम्या करून, घासून, पालथ्या घालून गेलती. आल्यावर बघितलं तर भरलेल्या. वर झाकणं बी. अण्णांनी नळ बंद करताना भरून ठेवल्या असणार.”

परशराम अण्णा, डोक्यावरून कमळ गेलेले, पाण्यात उभे राहून भाडेकरूच्या घागरी भरतायत आणि वर झाकणं ठेवतायत? मला ते चित्र काही डोळ्यांसमोर येईना. मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळून उतरले, मागून कल्पना. गुडघ्यांचं दुखणं तेवढ्यापुरतं कुठं गेलं होतं कोण जाणे.

“अण्णा! त्या दिवशी नळ बंद करायला वर कोण गेलं?”

“मीच गेलो. दुसऱ्या किल्लीनं दार उघडलं.”

“आन् घागरी तुमी भरलासा?”

“मी?” अण्णा माझ्याकडं वेड्यासारखे बघायला लागले. “माझं हितं छत पडलंय आन् मी घागरी भरत बसतोय व्हय? घागरी भरलेल्याच हुत्या. एकीला पाय लागला माझा, झाकण खण्णदिशी पडलं खाली. ते परत ठेवलं, घागर कडेला सारली न नळ बंद केला न खाली पळालो.”

त्यांच्या तोंडूनच सगळं बाहेर आलं होतं आणि त्यांनाच ते कळलं नव्हतं. कसं कळणार? गावाला जाताना बाई घागरी पालथ्या घालून जाते, हे आमच्याकडच्या कुठल्या पुरुषाला माहीत असतं? कुलूपबंद घरात पालथ्या घातलेल्या तीन घागरी. उघडा नळ फार तर घर बुडवेल. तो घागर सुलटी करून भरणार नाही आणि वर झाकण तर मुळीच ठेवणार नाही. अण्णा वर जायच्या आधी त्या घरात कुणीतरी जाऊन आलं होतं.

मी उत्साहाच्या भरात मोठ्यानं विचारूनही टाकलं, “वरची ती दुसरी किल्ली असती कुठं?”

“सैपाकघरात. खिळ्याला.”

आणि त्याच वेळेला सुरेखा वहिनी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

त्यांचा चेहरा बघितला आणि वर कोण गेलं होतं ते मला कळलं. सगळ्या बेळगावात तोंडाळ म्हणून माझं नाव आहे, पण त्या वेळी मला एक शब्द काढवेना. कसा काढणार? एका बाईचं घर वाचवायला दुसरीला त्या भोकाखाली उभी करायची? अण्णांचा राग मी बघितलेला होता. 

वहिनींनी ट्रे टीपॉयवर ठेवला. पदरानं हात पुसले.

“पाणी मी भरलंय,” त्या म्हणाल्या.

“कसलं पाणी?” अण्णा म्हणाले.

“कल्पनाच्या घरातलं. जत्रंला गेलती ती. सकाळचं पाणी आलं. पुन्हा आठ दिवस न्हाय आलं तर? पोरगी दमून येणार, तिला प्यायला घोटभर पाणी नको व्हय? म्हणून किल्ली घेऊन वर गेले, बंद नळ उघडला. तिसरी घागर भरली न लाईट गेली, पाणी सोडत्यात तिकडचा पंप बंद पडला असणार, पाणी थांबलं. झाकणं ठेवली न खाली आले. मग शेताकडं गेले कामाच्या बायकांच्या मागं. नळाची चावी फिरवायचीच राहिली बघा. पाणी गेलतं न्हवं, ध्यानातच आलं न्हाय. दुपारी पुन्हा आलं असणार.”

इतकं लांबलचक बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

“म्हैनाभर का गप्प बसलीस?” अण्णांनी विचारलं. आवाज अजून चढलेला नव्हता, पण चढेल असं वाटत होतं.

“शेतातनं आले तवा तुमचा आवाज गल्लीच्या तोंडापातूर येत हुता. तोंडातनं शब्दच फुटला न्हाय. मग वाटलं, रागात बोलायलेत, कापणार न्हाईत. आता आतनं ऐकले, सोमवारी ह्यांचं घर जाणार.” मग त्या कल्पनाकडं वळल्या. “माझं चुकलं गं, पोरी.”

मला वाटलं होतं, कल्पना धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडेल. ती जिन्यापासून तरातरा पुढं आली आणि म्हणाली, “म्हैनाभर मी ह्यांची बोलणी खाल्ली ओ वहिनी! जेवताना बोलणी, झोपताना बोलणी! माझं मलाच खरं वाटाय लागलं!” आणि एवढं बोलून झाल्यावर मग गळ्यात पडली आणि दोघी मिळून जे रडल्या! दत्ता भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. महिनाभर बायकोला बोललेला एकेक शब्द त्याला आठवत असणार. बरं झालं. मी त्याला बघून घेतलं डोळे वटारून.

अण्णा अजून तिथंच अडकले होते. “म्हंजे पीओपी तू पाडलंस?”

वहिनींनी कल्पनाला बाजूला केलं, नाक पुसलं आणि नवऱ्याकडं सरळ बघितलं.

“व्हय. मीच पाडलं. आन् उद्या पाणी आलं न हिचं घर बंद असलं तर उद्या बी भरणार. तेवढा नळ बंद करायचं ध्यानात ठेवीन.”

आता छताचं उरलेलंही खाली येतंय, असं मला वाटलं. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले. अण्णांनी मान वर केली. त्या भोकाकडं, लोंबणाऱ्या वायरींकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग खाली बघून चहाचा कप उचलला, फुंकर मारली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “आक्का, त्यास्नी सांगा. सोमवारी पुरी रक्कम जाईल.”

‘त्यास्नी’ म्हणजे हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या दत्ता आणि कल्पनाला! मीही गंभीर तोंड करून सांगितलं, “दत्ता, कल्पना, सोमवारी पुरी रक्कम जाईल म्हणतायत अण्णा.” मग मात्र मला राहवेना. मी टाळ्या वाजवल्या हो, एवढी मोठी बाई, लहान पोरीसारख्या! वहिनींनी पुन्हा चहा टाकला आणि तो मी पहिल्याहून जास्त साखर घालून घेतला.

सोमवारी दत्ता आणि कल्पना पहाटेच्या बसनं निपाणीला गेले. पैसे बँकेतून पाठवायचे होते. मला काय घरी चैन पडतंय? बँक उघडायच्या आधी दारात हजर. अण्णाही आले, इस्त्रीचा शर्ट घालून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. खिडकीवरच्या पोरानं कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं, “सर्व्हर डाउन आहे, दुपारी या.”

तिकडून दत्ताचे फोनवर फोन. घर विकणारा घड्याळ बघायला लागलाय, दुसरं गिऱ्हाईक कचेरीच्या बाहेर चहा पीत उभं आहे. आणि अण्णांचा आवाज चढला! ज्या आवाजाला मी शनिवारी घाबरून बसले होते, तो काय सुंदर वाटला म्हणून सांगू त्या दिवशी. आधी मराठीत, मग कानडीत, मग पुन्हा मराठीत.

“दुपारी या म्हंजे? तिकडं आमच्या पोरीचं घर जायलंय! मॅनेजरला बोलवा! मी हितनं हलणार न्हाय!”

मॅनेजर बाहेर आले. त्यांनी अण्णांना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, दुसऱ्या शाखेला फोन लावला. अण्णा बसले, पण दर दोन मिनिटांनी “काय झालं ओ?” म्हणून विचारत राहिले. अखेर पैसे गेले. गेले म्हणजे पोचले का? मी दत्ताला फोन लावते तर तो उचलेना. पुन्हा लावते, उचलेना. मी बँकेच्या पायऱ्यांवर येरझारा घालत होते आणि अण्णा माझ्यामागून येरझारा घालत होते. लोक बघत होते, बघू देत.

मग कल्पनाचाच फोन आला. ती काय बोलतेय ते काही कळेना, नुसता आरडाओरडा. एवढंच कळलं, “आक्का, झालं! सही झाली! अंगठा बी झाला! दोघांच्या नावावर!” मी तिथंच अण्णांचा हात धरून गदागदा हलवला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि मिशीवरून फिरवला, पण हसत होते.

संध्याकाळी मी अनगोळला गेले. काम काहीच नव्हतं, पण आनंद कुठं घेऊन जाणार? वहिनींनी शिरा केला होता. आम्ही तिघं त्या भोकाखाली बसून शिरा खात होतो, तेवढ्यात कल्पनाचा पुन्हा फोन आला. ती नव्या घरातून बोलत होती. घर रिकामं असल्यामुळं तिचा आवाज घुमत होता. खोल्या सांगत होती, खिडक्या सांगत होती, परसात शेवगा आहे म्हणून सांगत होती. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता पीओपीचं काहीतरी काढणार.

“कल्पना,” अण्णा म्हणाले, “घर ऱ्हावू दे. शेजार बघून घेतलास का गं? पाण्याचं कसं हाय तिकडं?”

“चार दिसांनी येतंय, अण्णा. उद्याच यायचंय, पण आमी सामान आणाय तिकडं येणार न्हवं? समोरच्या घरात एक आक्का हायत. दुसरी किल्ली देऊन आलीया त्यांच्याकडं. तेवढा नळ बंद करा म्हणून सांगितलंय.”